कोब्यातली ओल

माझ्या जावयाला रंगातलं ओ की ठो कळत नाही, हे मी लग्न ठरल्यापासून छातीठोकपणे सांगत आलो. त्याला कळायचं काही कारणही नव्हतं. तो प्रयोगशाळेत कामाला. लोकांचं रक्त नळ्यांत घालायचं, हलवायचं आणि कागदावर आकडे लिहायचे. मी मात्र एकेचाळीस वर्षं रंगारी. भिंत बघितली की तिच्या पोटात काय आहे ते सांगायचो, आणि ते खरं निघायचं.

आमची एकुलती एक मुलगी माझ्या डब्यांच्या पसाऱ्यातच वाढली. तीन वर्षांची असताना पुट्टीच्या गोणीत डोकं घालून बसली होती, तेव्हापासून तिचं नाव पुट्टी. कागदोपत्री वेगळं आहे, पण त्या नावाने तिला फक्त तिचा नवरा हाक मारतो. मला ते नाव ऐकलं की हे कुणा दुसऱ्याबद्दल चाललंय असं वाटतं.

तर या पुट्टीने हॉस्पिटलातली नोकरी सोडली. ती लोकांना व्यायाम शिकवते, गुडघे बदललेल्या, पक्षाघात झालेल्या लोकांना पुन्हा चालायला लावते. घराला लागून गॅरेज होतं. गाडी बाहेर काढायची आणि तिथे स्वतःचं व्यायामकेंद्र सुरू करायचं, असं तिने ठरवलं. पण खाली होता नुसता सिमेंटचा कोबा. तेलाचे डाग पडलेला, धूळ सुटलेला. एके दिवशी तिचा फोन आला.

"बाबा, गॅरेजच्या जमिनीला इपॉक्सीचा रंग देतोय. तुम्ही आणि आई चार दिवस या ना राहायला."

मी माझी पिशवी काढली. तीन ब्रश, दोन रोलर, खरवडायच्या पट्ट्या, घासायचे कागद, जुना शर्ट. आमची ही म्हणाली, "अहो, तिने राहायला बोलावलंय, कामाला नाही." मी म्हटलं, "रंगाऱ्याच्या मुलीने जमिनीचं बोलणं काढलं म्हणजे काय समजायचं ते मला समजतं."

तिथे पोचलो तर पुट्टीने पिशवी हातातून घेतली, आत डोकावली आणि हसली.

"बाबा, हे कशाला आणलंत? सगळं आणलंय त्याने. तुम्ही आयुष्यभर केलंत, आता नुसते बसा बघत."

आणि मला खुर्ची दिली. गॅरेजच्या दाराशी, उशी घालून! मेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात तसं मला तिथे ठेवलं.

जावई गुडघ्यांना जाड पट्टे बांधून कोबा धूत होता. दारावर एक छापील कागद चिकटवला होता, त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत पायऱ्या, आणि झालेल्या पायरीपुढे खूण. बाजूला मोजमापाची भांडी ओळीने मांडलेली. महिनाभर व्हिडिओ बघून त्याने हे सगळं शिकून घेतलं होतं, असं पुट्टीने मला कौतुकाने सांगितलं. सासरा रंगारी, आणि जावई रंग शिकायला फोनमध्ये डोकं घालतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो, जावईबापू म्हणतो. मनात मात्र अरे-तुरेच चालतं, आणि त्या दिवशी तर त्याच्याही खाली उतरलो होतो.

मी खुर्चीत बसून चुका शोधत होतो. खोटं सांगत नाही, एकही सापडेना. तेलाचे डाग त्याने दोनदा धुतले. भाड्याचं मशीन आणून कोबा घासला, तोही आडवा आणि उभा. भेगा भरल्या, धूळ ओढून घेतली, कोपऱ्यात बोट फिरवून बघितलं. आमची ही चहाचे कप घेऊन आली आणि म्हणाली, "बघा, किती निगुतीने करतात!" एकेचाळीस वर्षांत माझ्या कामाबद्दल ही बाई 'झालं का एकदाचं' याच्यापलीकडे काही बोलली नव्हती.

शेवटी न राहवून मी विचारलं, "जावईबापू, टर्पेंटाईन किती घालणार आहात?"

"बाबा, यात टर्पेंटाईन अजिबात चालत नाही," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, अगदी सौम्यपणे. "दोन भाग असतात. एकात दुसरा मापाने मिसळला की आपोआप कडक होतं."

पुट्टी हसली. "बाबा, ते तुमचं ऑईलपेंट नव्हे!"

मग तो हसला, आणि ते दोघं एकमेकांकडे बघून हसले. एवढंच झालं. पण माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. एके काळी ही पोर माझ्या शिडीखाली बसून विचारायची, बाबा, निळ्यात पांढरा किती? आणि मी सांगेन ते देववाक्य मानायची. तीच आता मला शिकवत होती, आणि तेही त्याच्याकडून शिकून. कानामागून आला आणि तिखट झाला, म्हणतात ना, तो हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुढची पायरी आली ओलीची. जावयाने प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा घेतला, मागच्या कोपऱ्याजवळ कोब्यावर पसरला आणि चारी बाजूंनी टेप लावून हवाबंद केला.

"जमिनीखालून ओल येत असेल तर चोवीस तासांत प्लास्टिकच्या आतून पाणी धरेल," त्याने मला समजावलं. "तसं झालं तर रंग लावायचा नाही. खालून सगळा थर उचलला जातो."

ओलीबद्दल मला सांगत होता! ओल हा माझा जन्माचा वैरी. मी भिंतीला पालथा हात लावून ओल सांगतो. पुट्टीलाही मीच शिकवलं होतं ते, तळहात नाही, पालथा हात, तिथली कातडी जास्त खरं बोलते. आणि मी सकाळी चपला शोधायच्या निमित्ताने त्या मागच्या कोपऱ्यात वाकून हात लावूनही आलो होतो. पलीकडे बाहेरच्या बाजूला पाण्याचा नळ आहे. तो कोपरा थंड लागत होता. मला नक्की कळलं होतं. फक्त कुणीतरी विचारायची वाट बघत होतो. 'बाबा, तुम्हाला काय वाटतं?' एवढे चार शब्द. दिवस मावळला तरी कुणी विचारले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला मला जाग आली. घर झोपलेलं होतं. मी गॅरेजात गेलो आणि दिवा लावला. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले होते. टपोरे, ओळखू न येण्यासारखे मुळीच नाहीत. टेपची एक बाजू सोडवून बघितलं, तर खालचा कोबा काळपट पडला होता.

पहिल्यांदा इतका आनंद झाला की पुट्टीला हाक मारायला तोंड उघडलं. कोपरा ओला आहे, हे माझ्या हाताने आधीच सांगितलं होतं. आणि तेवढ्यात पुढचं सगळं डोळ्यांसमोर आलं. पुट्टी येणार, थेंब बघणार आणि म्हणणार, "बरं झालं बाई याने ती टेस्ट केली!" जावई कागदावर खूण करणार. आमची ही म्हणणार, "किती विचार करून करतात!" माझ्या पालथ्या हाताला कोण विचारतंय? थेंब माझ्या बाजूने साक्ष द्यायला आले होते, पण जिंकणार होता तो कागद.

मी खिशातला रुमाल काढला आणि थेंब पुसले.

पुसल्यावर कोबा काळपट दिसतच होता. मी कोपऱ्यातलं वर्तमानपत्र घेतलं आणि वारा घालायला लागलो. सत्तरीला टेकलेला माणूस, पहाटे, लेकीच्या गॅरेजात गुडघ्यांवर बसून जमिनीला वारा घालतोय. कुणी बघितलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं. अर्ध्या-पाऊण तासात डाग फिका पडला. जुनी टेप काढून मी नवी लावली, नीट, सरळ रेषेत, आणि परत येऊन अंथरुणात पडलो.

मनाशी माझा बेत पक्का होता. त्याचं प्लास्टिक कोरडं निघेल. तो खूण करेल, डबा उघडेल. आणि तेव्हा मी उठेन, त्या कोपऱ्यात पालथा हात टेकवेन आणि म्हणेन, थांबा, इथे ओल आहे, तुमच्या कागदाला कळली नाही. मग पुन्हा टेस्ट होईल, पाणी दिसेल. रंग वाया जाणार नाही, कुणाचं नुकसान नाही, फक्त पोरीला कळेल की कागद तो कागद आणि बाप तो बाप. यात वाईट काय, असं मी स्वतःला दहा वेळा विचारलं. ज्याच्यात वाईट नसतं ते माणूस एकदाही विचारत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

आठ वाजता जावयाने प्लास्टिक उचललं. उजेडात धरलं. "कोरडं आहे," तो म्हणाला, पण जरा चाचरत. मग कागदापाशी गेला आणि पुट्टीशी हळू आवाजात काहीतरी बोलू लागला. मी खुर्चीत होतो, मला ऐकू आलं नाही. पुट्टी त्या कोपऱ्यात वाकली, कोबा बघितला, सुटलेली टेप हातात घेऊन बघितली. मग ती ताठ झाली आणि माझ्याकडे बघत म्हणाली,

"काय बाबा, करायची ना सुरुवात?"

हाच तो क्षण. मी उठायलाच हवं होतं. पण तिने 'बघा, किती सोपं होतं' अशा तोऱ्यात विचारलं असं मला वाटलं. आणि तेवढ्यात जावई खाली बसून तिच्या गुडघ्यांना पट्टे बांधायला लागला, आणि ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, अगदी निवांत, जसा तो खांदा तिच्यासाठीच केलेला असावा. शिडीवर चढताना ती माझा खांदा असाच धरायची.

"करा की," मी म्हणालो. "मला कशाला विचारता? तुमचा कागद आहे ना!"

आणि खुर्ची दोन हात मागे सरकवून बसलो.

त्यांनी प्रायमरचा पहिला हात मारला. तो वाळेपर्यंत मी दहा वेळा उठायचं ठरवलं आणि दहा वेळा बसलो. दर तासाला ते बोलणं जास्त अवघड होत गेलं. आता सांगायचं तर सकाळी का नाही बोललात, हे विचारणार. संध्याकाळी दोन्ही भाग एका बादलीत ओतून जावयाने घड्याळ लावून ते घुसळलं. बादलीत ठेवलं की तापून गोळा होतं म्हणे, म्हणून लगेच जमिनीवर लांब पट्ट्यांत ओतलं आणि तो रोलर फिरवत मागे मागे सरकू लागला. पुट्टी त्याच्या पुढे कडा मारत होती. मनगट जराही न हलवता, सगळा हात कोपरापासून, जसं मी तिला शिकवलं होतं. माझी विद्या, आणि शोभा त्याच्या जमिनीची! दोघं एक शब्द न बोलता काम करत होते. बरोबर काम करणारी माणसं कधी न बोलता पुढे सरकतात ते मला माहीत आहे. एके काळी पुट्टी आणि मी तसे सरकायचो.

जमीन सुंदर झाली. फिकट राखाडी, एकसंध, पाय घसरू नये म्हणून वर बारीक रेतीचा हात. शेजारचे बघायला आले. आमची ही चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभी राहिली, देवळात राहावं तशी. मला विचारलं तेव्हा मी "छान" म्हणालो. तो एक शब्द बाहेर काढताना जेवढी मेहनत पडली, तेवढी मला चार मजली इमारतीला पडली नसेल.

घरी परतल्यावर तीन आठवडे मी फोनची वाट बघत होतो. घंटी वाजली की हिच्या आधी उचलायचो. ही म्हणाली, "कसली एवढी वाट बघताय?" मी म्हटलं, कसलीच नाही. पण वाट बघत होतो, हे खरं. व्यायामकेंद्र जोरात सुरू झाल्याचं कळलं. नऊ माणसं यायला लागली, अकरा झाली. प्रत्येक फोनच्या शेवटी पुट्टी सांगायची, सगळे जमिनीची फार तारीफ करतात. आणि मी मनात म्हणायचो, थांब जरा.

चौथ्या आठवड्यात फोन आला.

"बाबा, जमिनीला फोड आलेत. याल का?"

मला आनंद झाला. लपवून काय करू, झाला. ती मला बोलावत होती, माझ्या हाताला बोलावत होती. पिशवी पाच मिनिटांत भरली. या वेळी हीसुद्धा काही बोलली नाही.

गॅरेज रिकामं होतं. मागच्या कोपऱ्यापासून अर्ध्या जमिनीपर्यंत फोड उठले होते, काही नाण्याएवढे, काही बशीएवढे. एक दाबला तर फुटून पाणी आलं. जावई गुडघ्यांवर बसून पट्टीने पोपडे खरवडत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"परवा एका आजींच्या वॉकरचा पाय फोडात रुतला," पुट्टी म्हणाली. "याने धरलं म्हणून, नाहीतर नवा गुडघा गेला असता त्यांचा. मी सगळ्यांना महिनाभर येऊ नका म्हणून सांगितलंय. काही जण तर आता परत येणारच नाहीत."

आनंद तिथेच विरला. आजींचा मी विचारच केला नव्हता. माझ्या डोक्यात होतो फक्त मी आणि तो.

"चूक माझी आहे," जावई मान वर न करता म्हणाला. "कागदावर तीन ठिकाणी टेस्ट करा असं लिहिलं होतं. मी एकाच ठिकाणी केली."

"तुझी नाही," पुट्टी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाबा, त्या दिवशी सकाळी हा म्हणत होता, आणखी एक दिवस थांबू, अजून दोन ठिकाणी प्लास्टिक लावू. मी नको म्हटलं. मला टेप बदललेली दिसली होती. टोक आत दुमडून लावलेली. तसं फक्त तुम्ही लावता, म्हणजे नंतर नखाने उकरावं लागत नाही. मी याला सांगितलं, बाबांनी पहाटे उठून उघडून बघितलंय. ओल असती तर बाबांनी सांगितलं असतं. आता टेस्टची गरज नाही."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तरी मी तुम्हाला विचारलं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, करा."

'करायची ना सुरुवात' हे तिने मला विचारलं होतं. त्याला नाही, कागदाला नाही. सगळं गॅरेज तिने माझ्या एका शब्दावर रंगवलं होतं, आणि ज्याचा मला हेवा वाटत होता तो बिचारा माझ्यापायी गप्प बसला होता.

पुट्टी जवळ आली. तिने माझा हात हातात घेतला, उलटा केला आणि पालथ्या बाजूवरून अंगठा फिरवला, पेशंटचा बघतात तसा.

"बाबा, वाईट वाटून घेऊ नका," ती हळू आवाजात म्हणाली. "वयाने स्पर्श कमी होतो. नजरही होते. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांचं होतं. मीच तुमच्यावर एवढं सोपवायला नको होतं. डोळे तपासून घेऊ आपण, हं?"

तिने मला वाट काढून दिली होती. नुसती मान हलवायची होती. म्हातारा झालो, दिसलं नाही, कळलं नाही. सगळ्यांनी सांभाळून घेतलं असतं, उशी घातलेली खुर्ची परत आली असती. आणि माझा हात म्हणजे कामातून गेलेला हात, असं तिने मनातल्या मनात कायमचं लिहून टाकलं असतं. मी मान हलवणार होतो, अगदी शपथेवर सांगतो. पण या हाताने एकेचाळीस वर्षांत एकदाही ओल चुकवली नव्हती, आणि तो चुकला असं मला कबूल करवेना. चांगुलपणाने नाही, त्या हट्टानेच माझं तोंड उघडलं.

"माझे डोळे ठीक आहेत, पुट्टे. हातही. पाणी होतं तिथे. मी पुसलं."

जावयाची पट्टी थांबली.

"पुसलं म्हणजे?" पुट्टीने विचारलं.

"रुमालाने पुसलं. वारा घालून कोबा वाळवला. मग टेप लावली."

"का?"

मी जावयाकडे बोट केलं. दुसरं उत्तर नव्हतं. "याचा हेवा वाटला. याच्या कागदाचा, याच्या गुडघ्यांच्या पट्ट्यांचा. तू याला सगळं विचारतेस याचा. मला वाटलं, हा एकदा तोंडावर आपटावा."

जावई माझ्याकडे बघतच राहिला. "माझा?" तो म्हणाला. त्याला ते खरंच समजलं नव्हतं. आपला कुणी हेवा करावा असं त्याच्यात काही आहे, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नसावं. मी तर नाहीच.

पुट्टीने माझा हात सोडला. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वाकून जमिनीवरचा एक पोपडा उचलला.

"तुमचे डोळे गेले असते ना बाबा," ती म्हणाली, "तर मला चाललं असतं."

मी खाली बसलो. पिशवीतून पट्टी काढली. इतका थर खरवडायचा, कोबा पुन्हा घासायचा, ओल अडवणारा प्रायमर लावायचा, सगळं पहिल्यापासून. काम कळत होतं, पण हात पुढे जाईना.

"कुठून सुरुवात करू?" मी तिला विचारलं.

"मला नका विचारू," ती दाराकडे जात म्हणाली. "त्याला विचारा."

ती गेली. गॅरेजात आम्ही दोघंच उरलो, दोघंही गुडघ्यांवर. मी तोंड त्याच्याकडे वळवलं आणि जावयाला विचारलं.